वसंत कोणत्या महिन्यात? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात कोवळ्या मटारांच्या सूपची कृती देताना आम्ही 'एप्रिलमध्ये, वसंत भरात असताना, ताजे मटार मिळतात तेव्हा करावे' असे लिहिले होते. त्या एका वाक्यावरून निरनिराळ्या देशांतील वाचकांनी प्रश्न पाठवले. त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहोत. प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : मी मेलबर्नमध्ये राहते. एप्रिलमध्ये येथे पानगळ सुरू झालेली असते. मग ही कृती मी केव्हा करावी? सहा महिने पुढे मोजले की पुरे का?

उत्तर : चूक आमची आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे शाळेत शिकूनही लिहिताना आपण आपल्या खिडकीतून दिसणारा ऋतूच साऱ्या जगाचा धरून चालतो. मेलबर्नसारख्या समशीतोष्ण ठिकाणी मटारासाठी सहा महिन्यांचा हिशेब बहुतांशी जुळतो, तेव्हा आपण ही कृती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. मात्र तोच हिशेब प्रत्येक पिकाला लावता येत नाही. आपल्या ऑस्ट्रेलियातीलच स्ट्रॉबेरीचे पाहा. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात ती वसंतात आणि उन्हाळ्यात येते. त्याहून उत्तरेकडील क्वीन्सलँड राज्याच्या दक्षिण भागात मात्र ती जून ते सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे ऐन हिवाळ्यात तोडली जाते, कारण तेथील हिवाळा सौम्य असतो आणि तेथील उन्हाळा या पिकाला सोसत नाही. देश एक, गोलार्ध एक, फळही एकच, आणि हंगाम मात्र दोन टोकांना. अमेरिकेतही फ्लोरिडाची स्ट्रॉबेरी थंडीच्या महिन्यांत बाजारात येते आणि कॅलिफोर्नियाची बहुतेक आवक त्यानंतर जोर धरते. आंबा तर ऑस्ट्रेलियात चक्क प्रवास करतो : सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तो उत्तर टोकाच्या डार्विनच्या आसपास पिकू लागतो, मग क्वीन्सलँडमध्ये, आणि दक्षिणेकडील बागांतील शेवटची फळे उतरेपर्यंत मार्च उजाडतो.

शिवाय वसंत सुरू कधी होतो यावरही एकमत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सर्वसाधारणपणे 1 सप्टेंबरला वसंत सुरू झाला असे मानतात, तर अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत दिनदर्शिकेवरचा वसंत 20 मार्चच्या आसपास, दिवस-रात्र समान होतात तेव्हा उगवतो. विषुववृत्ताजवळ तर चार ऋतूंचे हे खणच निरुपयोगी ठरतात. केनियातील शेतकरी वर्ष मोजतो ते मार्च ते मे या मोठ्या पावसावर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या लहान पावसावर. त्याला 'वसंतात पेरा' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला राहणारे नूंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. सहा ऋतूंची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही, परंतु त्यांचे ऋतू त्यांच्या भूमीतूनच आलेले आहेत : डिसेंबर-जानेवारीचा कोरडा 'बिराक', जून-जुलैचा थंड आणि ओला 'माकुरू', ऑक्टोबर-नोव्हेंबरचा फुलांचा 'कंबरांग'. जपानमध्ये चीनकडून आलेली वर्षाच्या बहात्तर सूक्ष्म ऋतूंची पद्धत होती. ती तेथील हवामानाशी जुळत नाही हे ध्यानात घेऊन शिबुकावा शुनकाई या खगोलज्ञाने 1685मध्ये जपानी निसर्गाला धरून ती नव्याने बांधली. उसन्या ऋतूंवर आपल्या शेताचे वेळापत्रक ठरवता येत नाही, हे त्यांना तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते आणि आम्हाला गेल्या महिन्यात. त्याच देशात एखादे फळ वा मासा ऐन चवीला येतो त्या काळाला 'शुन' म्हणतात. हंगामाच्या अगदी पहिल्या मालाला 'हाशिरी' आणि सरत्या मालाला 'नागोरी' असे वेगळे शब्द आहेत, कारण तिन्हींची चव वेगळी लागते आणि तिघांकडून स्वयंपाकातही वेगळे काम घेतले जाते.

म्हणून यापुढे आम्ही महिन्याचे नाव न देता पदार्थाची खूण देऊ. मटाराची खूण अशी : शेंगा मुठीत घेऊन एकमेकींवर घासल्या असता त्यांतून करकर आवाज यावा, शेंग वाकवताच तुटावी, आणि आतला दाणा कच्चा चावून पाहिला तर तो आधी गोड लागावा, पिठूळ लागू नये. शेंग तोडल्यावर दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर वेगाने होत जाते, त्यामुळे हंगाम अचूक असूनही दोन-तीन दिवस उबेत पडून राहिलेला मटार या सूपला चालत नाही. त्यापेक्षा गोठवलेला मटार कधीही चांगला, कारण तो तोडल्यानंतर काही तासांतच गोठवण्याची पद्धत आहे.

प्रश्न : जर्मनीत जूनच्या अखेरीस पांढरे ॲस्परॅगस बाजारातून एकाएकी नाहीसे झाले. हवामान तर चांगले होते. असे का?

उत्तर : तेथे 24 जून, म्हणजे संत योहानाचा दिवस, हा ॲस्परॅगसच्या तोडणीचा परंपरेने शेवटचा दिवस मानतात. ही प्रथा धार्मिक सणाला जोडलेली असली तरी तिच्यामागे झाडाची गरज आहे. ॲस्परॅगस बहुवार्षिक आहे. आपण खातो ते त्याचे जमिनीतून वर येणारे कोंब असतात, आणि तो कोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढतो. तोडणी थांबली की उरलेले कोंब उंच, पिसाऱ्यासारख्या हिरव्या झुडपात वाढतात आणि उन्हाळाभर पुढच्या वर्षासाठी मुळांत अन्न भरतात. तोडणी लांबवली तर पुढच्या वर्षी पीक बारीक येते. पांढरा रंग हा केवळ मातीच्या उंच वरंब्याखाली, उजेडाविना कोंब वाढवण्याचा परिणाम आहे. तीच जात उजेडात वाढली तर हिरवी होते. 24 जूननंतर दुकानात ॲस्परॅगस दिसलेच तर पाटीवर मूळ देशाचे नाव पाहावे.

प्रश्न : अमेरिकेत अंडी नेहमी शीतकपाटात असत. आता नेदरलँड्समध्ये ती बिस्किटांच्या शेजारी साध्या फळीवर दिसतात. ही सुरक्षित आहेत का, आणि घरी आणल्यावर कोठे ठेवावीत?

उत्तर : सुरक्षित आहेत. दोन्ही देशांना भीती एकाच जिवाणूची, साल्मोनेलाची. त्याला अडवण्याच्या वाटा मात्र त्यांनी वेगळ्या निवडल्या. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि कोंबडी अंडे देते त्या वेळी त्यावर एक पातळ नैसर्गिक लेप येतो, जो वाळून ती छिद्रे झाकतो. न धुतलेले अंडे हातात घेऊन पाहा : त्याचा स्पर्श किंचित खडूसारखा, कोरडा लागतो, क्वचित एखादे पीस किंवा गवताची काडीही चिकटलेली असते. अमेरिकेत मोठ्या उत्पादकांची अंडी कोमट पाण्याने धुऊन निर्जंतुक केली जातात. त्यात घाण जाते, तसा हा लेपही जातो. म्हणून तेथे अंडी 45 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 7 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात ठेवणे अनिवार्य आहे. युरोपीय संघाने उलट विचार केला. तेथे 'अ' वर्गाची, म्हणजे थेट ग्राहकांना विकायची अंडी, थोडे अपवाद वगळता, धुवायची नाहीत असा नियम आहे. लेप टिकवावा आणि अंडे मुळातच स्वच्छ राहील अशी कोंबड्यांची व्यवस्था ठेवावी, हे त्यामागचे सूत्र आहे. ब्रिटनमध्ये 1998पासून सिंहाची मुद्रा असलेल्या अंड्यांसाठी कोंबड्यांचे साल्मोनेलाविरोधी लसीकरण सुरू झाले. त्याचा गुण इतका आला की 2017मध्ये तेथील अन्नमानक संस्थेने, अशा अंड्यांपुरती, गर्भवती आणि वृद्ध व्यक्तींनाही अर्धकच्चे अंडे खाण्यास मोकळीक दिली.

आता फळीवर का, याचे उत्तर. थंड अंडे उबदार हवेत आणले की त्यावर दव धरते, आणि त्या ओलाव्याबरोबर जिवाणू छिद्रांतून आत शिरू शकतात. म्हणून युरोपात दुकानापर्यंतच्या प्रवासात अंडे थंड-गरम होऊ न देता एकसारख्या तापमानात ठेवण्यावर भर असतो. घरी आणल्यावर आपण ती शीतकपाटात ठेवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे ती अधिक टिकतात. परंतु एकदा आत ठेवली की वापरेपर्यंत ती आतच असू द्यावीत. दरवाजातील खणापेक्षा आतली फळी बरी, कारण दरवाजा प्रत्येक वेळी उघडला की तेथील तापमान बदलते.

अंड्यावर उमटवलेल्या संकेताकडेही एकदा लक्ष द्या. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो : 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी, 2 म्हणजे बंदिस्त जागेत पण पिंजऱ्याविना, 3 म्हणजे पिंजऱ्यातील. त्यापुढची दोन अक्षरे देशाची असतात. वेष्टनावरील चित्रात हिरवे कुरण कितीही पसरलेले असले, तरी खरे उत्तर त्या एका आकड्यात असते.

प्रश्न : शांघायमध्ये येताच मी नूडल्सची चार पाकिटे मुदत संपली असे समजून टाकून दिली. नंतर शेजारणीने सांगितले की ती अगदी ताजी होती. तारीख वाचण्याचा काही नियम आहे का?

उत्तर : आपण वाचली ती बहुधा उत्पादनाची तारीख होती. चीनमध्ये वेष्टनावर माल कधी तयार झाला ते आणि तो किती महिने टिकतो ते वेगवेगळे छापण्याची पद्धत आहे. बेरीज आपण करायची असते. दक्षिण कोरियात पूर्वी 'विक्रीची शेवटची तारीख' छापत, आणि तिच्यानंतरही खाण्याजोगे असलेले पुष्कळ अन्न फेकले जाई; म्हणून 2023पासून तेथे 'खाण्याची शेवटची तारीख' छापण्याचा कायदा लागू झाला. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये दोन शब्दप्रयोग आहेत आणि त्यांतील फरक जिवाशी संबंधित आहे : 'या तारखेपर्यंत वापरा' हा इशारा आहे, तो मांस-मासळीसारख्या नाशवंत मालावर असतो आणि तो पाळलाच पाहिजे, 'या तारखेपूर्वी उत्तम' हे केवळ चवीचे आणि पोताचे आश्वासन आहे, त्या तारखेनंतर वास, रंग आणि चव पाहून निर्णय घ्यावा. अमेरिकेत लहान बाळांच्या दुधाची भुकटी सोडली तर तारखेबाबत केंद्रीय सक्ती नाही, त्यामुळे तेथील तारखा प्रायः उत्पादकाच्या अंदाजाच्या असतात.

आकड्यांचा क्रम हा आणखी एक सापळा आहे. 03/04 ही अमेरिकेत 4 मार्च असते आणि युरोपात 3 एप्रिल; चीन, जपान आणि कोरियात वर्ष आधी येते. कॅनडात दोन भाषांना चालतील अशी महिन्यांची दोन-दोन अक्षरे ठरवली आहेत, त्यांत 'एमआर' म्हणजे मार्च आणि 'एमए' म्हणजे मे. हे ठाऊक नसले तर दोन महिन्यांची गफलत होते.

प्रश्न : अमेरिकी कृतीप्रमाणे केक केला, वस्तू ऑस्ट्रेलियात घेतल्या, आणि केक दडस झाला. चूक कोठे झाली असेल?

उत्तर : बहुधा चमच्यात. अमेरिकेतील मोठा चमचा सुमारे 15 मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियातील प्रमाणित मोठा चमचा 20 मिलिलिटरचा. तीन चमच्यांत पंधरा मिलिलिटरचा फरक पडतो. सूपात तो विरून जातो, केकमध्ये नाही. कपाचेही तसेच : अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. अमेरिकी कृतीतील 'लोण्याची एक कांडी' म्हणजे पाव पौंड, 113 ग्रॅम. तिच्या वेष्टनावर चमच्यांच्या रेघा छापलेल्या असतात आणि तेथील गृहिणी कागदासकट सुरीने कापून माप घेते. ज्या देशात लोणी 250 ग्रॅमच्या विटेत मिळते तेथे ही सोय नाही आणि कांडी या शब्दाला अर्थही नाही.

पिठाची गोष्ट अधिक खोल आहे. अमेरिकेत मैद्याची वर्गवारी वापराप्रमाणे होते, आणि तिच्यामागे प्रथिनांचे प्रमाण असते : केकच्या पिठात कमी, पावाच्या पिठात जास्त. जर्मनीत पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. ते प्रथिनांचे नाहीत. ठरावीक वजनाचे पीठ जाळल्यावर किती खनिज राख उरते, हे ते सांगतात. आकडा जितका मोठा तितका कोंडा अधिक. फ्रान्समधील 55 किंवा 65 हे आकडेही राखेचेच, केवळ एकक वेगळे. इटलीतील 'दोन शून्य' पीठही राखेच्याच कसोटीवर ठरते, त्यामुळे त्या एकाच नावाने केकचे मऊ पीठही मिळते आणि पिझ्झ्याचे चिवट पीठही. तेथे पाकिटाच्या मागील बाजूवरचे प्रथिनांचे प्रमाण पाहिल्याशिवाय पर्याय नाही. अमेरिकी सर्वोपयोगी मैद्याला जर्मन 550 हे साधारण जवळचे पीठ मानता येईल. आमचा आग्रह मात्र एकच : चांगला छोटा वजनकाटा घ्या आणि ग्रॅममध्ये लिहिलेल्या कृती निवडा, कारण चेपून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या एकाच कपात तीस ग्रॅमपर्यंत तफावत सहज पडते.

प्रश्न : 'कॉर्नफ्लोअर' मागितले आणि पिवळे पीठ मिळाले. दुकानदाराची चूक की माझी?

उत्तर : कोणाचीच नाही. ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरे पिष्ट, जे रस्सा दाट करण्यासाठी वापरतात. अमेरिकेत त्यालाच कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे अख्ख्या मक्याचे बारीक पीठ. भाज्यांच्या नावांत असे गोंधळ पुष्कळ आहेत. काकडीसारखी दिसणारी भाजी, ब्रिटनमधील कुर्जेट, ही अमेरिकेतील झुकिनी आणि दक्षिण आफ्रिकेतील बेबी मॅरो. सिडनीत शॅलट, म्हणजे एक लहान जातीचा कांदा, मागितल्यास पातीचा कांदा हाती येण्याची शक्यता असते. जर्मनीत पाप्रिका म्हणजे तिखटाची पूड जशी, तशीच ताजी ढोबळी मिरचीही. नाव सांगण्यापेक्षा चित्र दाखवावे.

प्रश्न : आमच्याकडे वर्षभर सफरचंदे मिळतात. ती वर्षभर जुनी असतात असे ऐकून मन धास्तावले आहे.

उत्तर : काही महिने जुनी असू शकतात, हे खरे आहे, त्यात लपवण्यासारखे मात्र काही नाही. तोडलेले सफरचंदही श्वास घेते : ऑक्सिजन घेऊन साखर खर्च करते आणि पिकत जाते. 1920च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी दाखवून दिले की थंड, हवाबंद खोलीतील ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर हा श्वास मंदावतो. आजच्या कोठारांत नेहमीच्या हवेतील 21 टक्के ऑक्सिजन 1 ते 3 टक्क्यांवर आणतात, तापमान शून्याच्या जरा वर ठेवतात, आणि त्यामुळे शरद ऋतूतील फळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत करकरीत राहते. त्या कोठारात माणसाला श्वसनयंत्राविना पाऊल टाकता येत नाही.

साठवणीचे फळ नको असेल तर गोलार्धाचा उपयोग करून घ्या. उत्तर गोलार्धात मे-जूनमध्ये न्यूझीलंड वा चिलीचे सफरचंद त्याच वर्षीच्या तोडणीचे असते, तर जवळच्या बागेतील सफरचंद मागील शरदातले. किवीच्या बाबतीत ही पाळी ठरूनच गेलेली आहे : इटलीचे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडले जाते, न्यूझीलंडचे मार्च ते जूनच्या दरम्यान. चिलीतील चेरी नोव्हेंबर ते जानेवारीत उतरते आणि सुमारे तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास करून चिनी नववर्षाच्या खरेदीला पोहोचते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. किवी, नासपती, केळे आणि ॲव्होकॅडो तोडल्यानंतरही पिकतात, म्हणून ती टणक घेतली तरी चालतात. चेरी, द्राक्षे, स्ट्रॉबेरी आणि संत्री तोडल्यावर गोड होत नाहीत; दुकानात आंबट असलेली स्ट्रॉबेरी घरी ठेवून केवळ मऊ पडते, तेव्हा ती वास घेऊनच घ्यावी आणि वास नसेल तर दुकानातच ठेवून द्यावी.

प्रश्न : रविवारी बर्लिनमध्ये उतरलो आणि एकही मोठे दुकान उघडे नव्हते. आगाऊ काय माहीत असायला हवे होते?

उत्तर : जर्मनीत रविवारची विश्रांती राज्यघटनेने संरक्षित आहे, त्यामुळे किराणा शनिवारीच भरावा लागतो. अडचण पडल्यास मोठ्या रेल्वेस्थानकांतील आणि विमानतळावरील दुकाने उघडी असतात, बेकऱ्याही काही तास उघडतात. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी उघडतात, पण 1994च्या कायद्यानुसार सलग सहाच तास. जर्मनीत पाण्याच्या वा पेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत आकारली जाते. रिकामी बाटली न चेपता दुकानातील यंत्रात घातली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर द्यावी लागते. बाटलीवरील सांकेतिक पट्टी फाटली असेल तर यंत्र ती परत करते, म्हणून लेबल सोलू नये.